एका नंबरची दोन इंजिनं

गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवताना चौथा आकडा उमटला, तेव्हाच ओगल्यांनी पुढचं ओळखलं. उरलेले दोन त्यांनी पेन्सिल फिरवण्याआधीच मनात म्हणून टाकले, शून्य आणि तीन, आणि मग पेन्सिल फिरवली तर खरंच शून्य आणि तीनच आले. १८४७०३. जासईतल्या एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी, बासष्ट वर्षांचा एक जाडसर माणूस जुन्या जावा मोटरसायकलच्या हँडलखाली मान घालून ओणवा उभा होता, आणि आपल्याला आता सरळ उभं राहता येईल की नाही याची त्याला खात्री वाटेना. बाहेर रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर जात होते. प्रत्येक ट्रेलरबरोबर शेडचा पत्रा थरथरायचा आणि गाडीच्या टाकीवरची धूळ जराशी सरकायची. मालकाचा मुलगा प्रीतम घरत दारात मोबाइल बघत उभा होता. त्याला वाटलं काकांची कंबर धरली. "स्टूल देऊ काय काका?" त्याने विचारलं. ओगल्यांनी मानेनेच नको म्हटलं. 

हा नंबर त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता, आणि त्यांच्या बायकोने, अरुणाने, हे त्यांना चारचौघांत बरेचदा ऐकवलंही होतं. या गाड्या निघायच्या त्या काळी कारखान्यात चासीवर, म्हणजे सांगाड्यावर, आणि इंजिनावर एकच नंबर ठोकत. मग गाड्या म्हाताऱ्या झाल्या, मेकॅनिकांच्या हाताखालून गेल्या, याचं इंजिन त्याच्या पोटात बसलं, आणि आज जोडीतली दोन्ही जिथल्या तिथे असलेली गाडी मिळणं म्हणजे हौशी लोकांच्या जगात लॉटरीच. ओगल्यांकडे नेरुळला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार जुन्या गाड्या होत्या. त्यांपैकी जावा त्यांची सगळ्यांत लाडकी, आणि तिचाच जोड विजोड होता. चासी कुठली तरी, इंजिन दुसऱ्याच गाडीचं. ते इंजिन त्यांनी अकरा वर्षांपूर्वी दिघ्याच्या एका गॅरेजात गोणपाटात गुंडाळलेलं पाहिलं होतं आणि त्याच संध्याकाळी रिक्षात घालून घरी आणलं होतं. तेव्हापासून १८४७०३ नंबरची चासी ते शोधत होते. कुठे साताऱ्याहून कोणी फोटो पाठवी, कुठे भुसावळहून, आणि ते चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांना लावत. कधी एक आकडा जुळे, कधी दोन. आणि ती चासी इतकी वर्षं इथे होती, त्यांच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी.

आनंद म्हणतात तो असाच असावा, पण तो फार टिकला नाही. सवयीने ते खाली बसले, इंजिनावरचं काळं तेल चिंधीने पुसलं, त्यावर नवा कागद धरला आणि पेन्सिल फिरवली. इथे कुठला तरी परका नंबर यायला हवा होता. कारण खरं इंजिन तर नेरुळला होतं, कालच त्यांनी ते चालू केलं होतं. कागदावर आलं १८४७०३. ओगल्यांनी कागद उन्हात धरला. मग अंगठा आकड्यांवरून फिरवला, आंधळ्याने फिरवावा तसा. चार हा आकडा किंचित डावीकडे कलला होता आणि सात बाकीच्यांपेक्षा खोल रुतला होता. कारखान्याचा हात असा चुकत नाही. जुना नंबर घासून काढून कोणीतरी हातोडीने, एकेक आकडा ठेवून, हा नंबर ठोकला होता, आणि फार मन लावून ठोकला होता. हे ओळखणं हाच ओगल्यांचा एकतीस वर्षांचा धंदा. विमा कंपन्यांसाठी ते वाहनांचे सर्व्हेअर होते. अपघात झालेल्या, जळलेल्या, चोरीला जाऊन सापडलेल्या गाड्यांवर वाकून त्यांनी नंबरांचे असेच ठसे घेतले होते आणि खाली सही केली होती. एकही अहवाल खोटा दिला नाही, असं ते निरोपाच्या समारंभात म्हणाले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भगवान नावाचा एक टेम्पोवाला तेवढा त्या टाळ्यांच्या वेळी त्यांना आठवला होता. त्याच्या टेम्पोचा नंबर असाच हाताने ठोकलेला निघाला. त्याने घेतानाच तो तसा घेतला होता, त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, हे ओगल्यांना स्वच्छ दिसत होतं. पण लोखंड सांगतं ते लिहायचं, माणूस सांगतो ते नाही. त्यांनी लिहिलं, आणि टेम्पो जप्त झाला. भगवान ऑफिसच्या जिन्यात बसून राहिला होता आणि ओगले त्याच्या बाजूने, धोतर सोवळ्यातलं असल्यासारखी पँट सावरत, खाली उतरले होते.

"काका, पेपर एकदम क्लीन हाय," प्रीतम म्हणाला. "बुकातला नंबर, गाडीचा नंबर, सगला टॅली. टेन्शन नाय. फक्त बाबा एक गोष्ट विचारतील. इंजिन माजाच हाय काय? तुमी हो बोला, विषय खतम." त्याच्या बोलण्यावरून कळलं ते असं. धर्मराज घरतांनी, म्हणजे प्रीतमच्या बापाने, जमिनीचे पहिले पैसे आले तेव्हा ही गाडी कोरी घेतली. पंधरा-सोळा वर्षं तिच्याशिवाय पाऊल टाकलं नाही. मग एकदा दुरुस्तीहून गाडी आली आणि त्यांनी धरलं, हे इंजिन माझं नव्हे, बदललंय. कागद दाखवले, नंबर दाखवले, पण ऐकेनात. गाडी उभी केली ती केलीच. छत्तीस वर्षं. "गावात बाबांना इंजिनवाला बोलतात," प्रीतम हसत म्हणाला, पण ते हसू काही त्याच्या तोंडावर नीट बसलं नाही. "चार गिऱ्हाइकं आली. सगली बोलली ओरिजिनल हाय. बाबा बोलतात, त्यांना गाडी पायजे म्हनून बोलतात. एकाना भाव पाडाया सांगितला, इंजिन बदललेला हाय. बाबा एवढे खूश, त्याला चाय पाजला. मंग विचारला, तुला कसा कलला? तो गप. त्याला पन हाकलला. आता शेड पाडायची हाय काका, भाड्याच्या खोल्या काढायच्यात. बाबांना उठवतो, थांबा." आणि तो घरात गेला.

ओगले एकटे राहिले, दोन हातांत दोन कागद. जगात एकच माणूस असा होता ज्याला धर्मराज घरत खरं बोलतात हे पुराव्यानिशी ठाऊक होतं, आणि तो माणूस गाडी विकत घ्यायला आला होता. काय करावं याचा त्यांनी विचार केला नाही असं नाही. हो म्हणायचं, गाडी न्यायची, रात्रीतून इंजिन बदलायचं, आणि जुन्या गाड्यांच्या पुढच्या मेळाव्यात दोन्ही नंबर शेजारी शेजारी दाखवायचे. कोणाचं काय बिघडतं? म्हाताऱ्याला उत्तर हवं होतं, ते मिळेल. पण हे मनात येताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली तरी विचार काही थांबला नाही. तेवढ्यात पुतळाबाई, धर्मराजांची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सत्तरी उलटलेल्या, बारीक, ताठ, कपाळावर मोठं कुंकू. आणि इथे ओगल्यांनी ती चूक केली जी फक्त छंदिष्ट माणूसच करू शकतो. अकरा वर्षांचा शोध संपल्यावर तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. समोर जे माणूस आलं त्याला त्यांनी सांगून टाकलं.

"काकू, तुमचे यजमान खरं बोलतात हो," ते कागद पुढे धरून म्हणाले. "हा नंबर हातानं ठोकलाय. खरं इंजिन माझ्या घरी आहे. नेरुळला. माझ्या घरी!"

पुतळाबाईंनी कागदाकडे पाहिलंच नाही. तांब्या खाली ठेवला, घराच्या दाराकडे एक नजर टाकली आणि खुराड्याच्या कडेवर बसल्या.  "चालतंय काय तो?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"इंजिन."

"रोज चालू करतो मी."

"मंग बरा हाय," त्या म्हणाल्या, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग घाईघाईने, दाराकडे लक्ष ठेवून, त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि ओगल्यांना वाटलं की हे सगळं त्यांनी मनात इतक्या वेळा म्हटलं असणार की आता त्यात शोधावं लागत नाही. "उरनच्या पुढं मोऱ्याला एक बाई होती, भाऊ. सांजचे पाच वाजले का हे गाडी काढायचे. नाक्यावरना गाडी उजवीकं वलली का पनवेल, डावीकं वलली का उरन. आमी बाया नलावर हंडे घेऊन उभ्या. गाडी दिसायची नाय, आवाज यायचा. आवाज डावीकं वलला का सगल्या माज्याकं बघायच्या. कोन काय बोलायची नाय. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. सिताराम माजा भाव. उलव्याला त्याचा गॅरेज. त्याला बोलले, गाडी राहू दे, तो आवाज काढून टाक. तो बोलला, ताई, आवाज इंजिनात असतो. मी बोलले, मंग इंजिन काढ."

सितारामने काढलं. भंगारातल्या दुसऱ्या जावाचं बसवलं, नंबर ठोकून दिला. आवाज बदलला. धर्मराज दोनदा गेले, तिसऱ्यांदा अर्ध्या वाटेतून परत आले, आणि मग गेलेच नाहीत. "त्यांचा जीव बाईवर नव्हता," पुतळाबाई म्हणाल्या. "गाडीवर होता. मना ते मागना कलला." पण तोवर धर्मराजांनी मेव्हण्याला गावकीपुढे उभं केलं होतं, इंजिनचोर म्हणून. सितारामने पंचांसमोर नंबर दाखवला, पंच हसले, धर्मराज वेड्यात निघाले. घरी येऊन त्यांनी शपथ घातली की त्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्यांनी नाही आणि बायकोनेही नाही. भाऊबीज बंद झाली. "सात वरसांमागं सिताराम गेला. मना मयतीला जाऊ दिला नाय. मी मागच्या दारात बसून रडले, ह्यांना वाटला धुरानं डोलं गेलं. सितारामनं मरताना पन तोंड उघडलं नाय. फक्त त्याच्या बायकोला, रंगूला ठाव हाय. आन आता तुमाला." त्यांनी पहिल्यांदाच ओगल्यांकडे सरळ पाहिलं. "बोलू नका, भाऊ. आता ह्या वयात मी कुठं जाऊ?"

 ओगल्यांच्या नाकात तेलाचा वास बसला होता, आणि का कोण जाणे, त्यांना एक जुना हिवाळा आठवत होता. त्यांची मुलगी प्राची तेव्हा तीन वर्षांची असेल. दर रविवारी ते पहाटेच येझदी मोटरसायकल काढून मित्रांबरोबर माळशेजपर्यंत जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. त्या हिवाळ्यात येझदीच्या कार्ब्युरेटरमधला छोटा पितळी जेट हरवला. साफ करून पेपरवर ठेवला होता, तिथून नाहीसा झाला. नवा मिळेना. तीन महिने रविवारी ते घरी होते, आणि अरुणा त्या तीन महिन्यांत फार छान वागली होती. गाजराचा हलवासुद्धा केला होता. ओगल्यांनी वीस वर्षांत एकदाही त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. छे, अरुणा तसं करणार नाही. पण करणार नाही म्हणजे काय, हे त्यांना कशावरून ठाऊक होतं? त्यांना घासलेला नंबर कळत होता. रोज समोर बसून चहा पिणारी बाई काय गिळून बसली आहे, हे कळण्यासाठी कुठे पेन्सिल फिरवायची? आज घरी जाऊन विचारावं का? आणि ती हो म्हणाली तर? त्यांना एकदम फार दमल्यासारखं झालं.

धर्मराज आले ते प्रीतमचा हात झिडकारत, आपल्या पायांनी. वेडा म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. पांढरी धुतलेली गंजी, दाढी नीट केलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. प्रीतमने खुर्ची ठेवली, त्यावर ते बसले आणि एक हात सहज गाडीच्या टाकीवर ठेवला. "पोरगा बोलतो तुमी सर्व्हेअर होते," ते म्हणाले. "नंबरची चोरी पकडायचे."

"हो."

"मंग मी सांगतो ते आयका. मंग बोला. माजी गाडी थंडी असली का पयले तीन ठोके द्यायची. खोकल्यावानी. एक, दोन, आन जरा थांबून तिसरा. मंग बोलायची. ह्यो आला तो एकदम बोलतो. सायेब, मी शाला शिकलेलो नाय, पन मना दोन कान हायेत."

 एक, दोन, आणि जरा थांबून तिसरा. रोज सकाळी नेरुळला पार्किंगमध्ये तेच होत होतं. त्या तिसऱ्या ठोक्यासाठी ते स्वतः श्वास धरून उभे राहायचे, आणि वॉचमन त्यांना हसायचा. छत्तीस वर्षं एक माणूस शब्दन् शब्द खरं सांगत होता आणि त्याच्या बाजूने बोलायला एक कुत्रं उभं राहिलं नव्हतं. आता बोलायला हवं होतं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, तुम्ही बरोबर आहात. एकतीस वर्षं याच वाक्यासाठी पगार घेतला होता. पुतळाबाई खुराड्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत, खूण केली नाही, त्या नुसत्या उभ्या होत्या आणि कोंबड्यांकडे बघत होत्या. आणि ओगल्यांना त्या क्षणी सगळ्यांत भयंकर हे वाटलं की त्या बाईची दया आणि आपला लोभ, दोन्हींना एकच उत्तर हवं आहे. म्हणजे आपण कशासाठी खोटं बोललो हे आपल्याला जन्मात कळणार नाही.

"इंजिन तुमचंच आहे," ते म्हणाले.

धर्मराज हलले नाहीत. "मंग ठोके?"

"इंजिन पूर्ण उघडलं, आतलं नवीन बसवलं की आवाज बदलतो. ठोके जातात. पुष्कळ वेळा पाहिलंय मी." आवाज त्यांचा ऑफिसातला होता, जसाच्या तसा. तो कुठून आला कोण जाणे.

"सिताराम हेच बोलला होता," धर्मराज हळूच म्हणाले. "अगदी हेच."

मग त्यांनी टाकीवरचा हात काढून घेतला. चष्मा काढला, गंजीच्या टोकाला पुसला, परत लावला, परत काढला. प्रीतम मोबाइल खिशात घालून बापाकडे बघत राहिला. "पुतले," धर्मराज म्हणाले, "तुजा भाव खरा होता ग. मी त्याला पंचांत चोर केला. तुला मयतीला जाऊ दिला नाय." त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला आणि ते मुलासमोर, परक्या माणसासमोर, लहान मुलासारखे रडू लागले. पुतळाबाई आल्या, त्यांच्या खुर्चीला धरून खाली बसल्या, आणि त्याही रडू लागल्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघं एकाच गोष्टीसाठी रडतायत. ओगल्यांना वाटलं, आता सांगावं. आता तरी. पण खरं सांगून यातलं काय परत येणार होतं? सिताराम येणार नव्हता. आणि न सांगून जे होत होतं तेही बघवत नव्हतं.

रडून झाल्यावर धर्मराज अगदी शांत झाले. "गाडी न्या," ते म्हणाले. "पोरगा सांगेल तो भाव. पन मना एक कागदावर लिवून द्या. इंजिन तेच हाय, सितारामनं बदललेला नाय. सही करा, हुद्दा लिवा. मी रंगूच्या पायावर ठेवनार तो. आज. आताच." प्रीतमने वही आणली. ओगल्यांनी लिहिलं. सगळे शब्द त्यांच्या हातात तयार होते, प्रत्यक्ष पाहणी केली, क्रमांक पडताळला, मूळ असल्याचे आढळले. खाली सही केली आणि त्याखाली, निवृत्त सर्व्हेअर. भगवानला त्या दिवशी अशा चार ओळी मिळाल्या असत्या तर त्याचा टेम्पो सुटला असता.

प्रीतमची गाडी भाच्याने नेली होती, आणि उलवे ओगल्यांच्या वाटेवरच होतं. तेव्हा तुम्हीच सोडा, असं ठरलं. ठरवताना कोणी ओगल्यांना विचारलं नाही. पुतळाबाई आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आल्या. छत्तीस वर्षांनी माहेरी निघालेल्या बाईने काय नेसावं, याचा त्यांनी क्षणभरही विचार केलेला दिसला नाही, ते लुगडं हाताशीच असावं. दोघं मागे बसली. जासई मागे पडली, ट्रेलरांची रांग आली, मग नव्या रुंद रस्त्यावर गाडी लागली. विमानतळाच्या बाजूने एक विमान खाली येत होतं, इतकं खाली की त्याची चाकं दिसत होती. धर्मराजांनी कागद दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"सायेब," ते म्हणाले, "छत्तीस वरसांत तुमी पयले खरं बोललात."

ओगल्यांनी आरशात पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुतळाबाई दिसल्या असत्या.

उलव्याच्या चौकात सिग्नल लागला. समोर नव्या इमारती उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायथ्याशी जुन्या गावाची कौलं. पुतळाबाईंनी कोणी न विचारताच डावीकडे बोट दाखवलं. मागच्या सीटवर धर्मराज ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून बघत होते. थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. शाळेतल्या मुलाने पाठांतर करावं तसं.

"पुतले, रंगूला काय बोलू ग? चुकलो बोलू, का माफ कर बोलू?"

पुतळाबाई काचेतून बाहेर बघत राहिल्या.

"सायेब, तुमी सांगा. तुमी शिकलेले."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला. ओगल्यांनी गाडी डावीकडे वळवली.

"चुकलो म्हणा," ते म्हणाले. "तेवढं पुरे."